'स्टार वॉर्स' पहिल्यांदाच बघताय? मग भाग १ लावू नका

'स्टार वॉर्स' बघायचंच असं ठरवून माणूस रिमोट हातात घेतो आणि तिथेच घोळ सुरू होतो. समोर पोस्टरांची रांग लागलेली असते. एकावर भाग १, दुसऱ्यावर भाग ४, मधेच एक बिनक्रमांकाचा, खाली कार्टून मालिका, त्याच्याखाली आणखी मालिका. सरळमार्गी माणूस अर्थातच भाग १ लावतो. तासाभरात त्याच्या वाट्याला व्यापारी मार्गांवरच्या कराचा वाद, सिनेटमधली भाषणं आणि लांब कानांचं एक डोकं उठवणारं पात्र येतं. मग 'लोक यासाठी वेडे होतात?' म्हणत तो उठतो तो कायमचाच. अशी उठलेली बरीच मंडळी मला माहीत आहेत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. चूक त्या आकड्यांची आहे.

आकड्यांची भानगड अशी: पहिला चित्रपट २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत लागला तेव्हा त्याचं नाव नुसतं 'स्टार वॉर्स' होतं. भाग-बिग काही नाही. १९८० साली दुसरा आला तो थेट 'भाग ५' अशी पाटी घेऊन, आणि १९८१ मध्ये पहिला पुन्हा प्रदर्शित करताना त्याला मागाहून 'भाग ४: अ न्यू होप' हे नाव चिकटवलं गेलं. पुढे १९९९ ते २००५ या काळात मालिकेचे कर्ते जॉर्ज लुकस यांनी आधीच्या पिढीची गोष्ट सांगणारे तीन चित्रपट काढले. तेच आजचे १, २, ३. म्हणजे भाग १ हा प्रत्यक्षात चौथ्यांदा बनलेला चित्रपट आहे.

क्रम ठरवा: ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने

तर ४, ५, ६. मग १, २, ३. मग ७, ८, ९. हे नऊ मिळून साधारण साडेवीस तास होतात. बाकीचे चित्रपट आणि मालिका नंतर, त्यांचं पुढे सांगतो.

'गोष्ट जशी घडली तशी, १ पासून बघितली तर काय बिघडलं?' हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. बिघडतं ते असं की १९८० च्या चित्रपटात शेवटाकडे एक वाक्य येतं आणि तोवरची सगळी गोष्ट उलटीपालटी होते. हे वाक्य इतकं जपलं होतं की चित्रीकरणाच्या वेळी सेटवर भलतंच वाक्य बोललं गेलं. खरं काय आहे हे समोर उभ्या असलेल्या, नायकाचं काम करणाऱ्या मार्क हॅमिल यांना शॉटच्या जरा आधी कानात सांगितलं, आणि ते वाक्य नंतर ध्वनिमुद्रणात घातलं. भाग १, २, ३ आधी बघितले तर हे गुपित तुम्हाला आधीच कळलेलं असतं. शिवाय ते तीन चित्रपट तुम्हाला जुने तीन माहीत आहेत असं धरूनच लिहिले आहेत. कोणतं पात्र आलं की अंगावर काटा यावा, हे नवख्याला त्यात कळणारच नाही.

गुपित कुठून तरी आधीच कळलं असेल तरीही हाच क्रम ठेवा. वाक्य माहीत असलं, तरी ते ऐकताना हॅमिल यांच्या चेहऱ्याचं काय होतं ते बघायचं असतंच.

चाहत्यांत आणखी एक क्रम चालतो, 'मशेटी क्रम' म्हणून: ४, ५, मग मागे जाऊन २, ३, आणि शेवटी ६. भाग १ गाळायचा. डोकं लढवून बसवलेला क्रम आहे आणि दुसऱ्यांदा बघताना मजा येते. पहिल्या खेपेला मात्र ५ संपल्यावर जी तगमग होते, तिच्यावर उतारा ६ हाच. मध्ये पाच तास दुसरीच गोष्ट बघत बसणं जमत नाही.

बसण्याआधीची तयारी

२०१२ मध्ये डिस्नेने लुकस यांची कंपनी लुकसफिल्म विकत घेतली, त्यामुळे भारतात हे चित्रपट जिओहॉटस्टारवर सापडतात. शोधताना भागाच्या आकड्याऐवजी 'अ न्यू होप' असं नावच टाका.

भाषा इंग्रजीच ठेवा आणि खाली इंग्रजी सबटायटल्स लावा. ही नावं आणि शब्द कानाला नवे आहेत. एकदा डोळ्यांनी वाचले की बसतात. मूळ इंग्रजी ठेवायचं खरं कारण म्हणजे खलनायकाचा आवाज. डार्थ व्हेडरच्या काळ्या पोशाखात डेव्हिड प्राउस होते आणि आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा. तो आवाज काढून घेतला तर अर्धा व्हेडर गेला. घरातल्या मोठ्यांसाठी भाषांच्या यादीत हिंदी दिसलं तर जरूर लावा, पण एकटे बघत असाल तर नको.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र 'गुळगुळीत' करणारी सोय बंद करा. प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव दिलंय, पण चित्र किंवा मोशनच्या पर्यायांत ती सापडते. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की काम झालं. ही सोय चालू असली की सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. १९७७ च्या चित्रपटातली यानं त्यात अगदीच खेळण्यातली वाटतात, आणि मग आपण म्हणतो 'जुनाट आहे'.

खोलीत अंधार करा. यातली निम्मी दृश्यं काळ्या आकाशातली आहेत. भर दुपारी पडदे उघडे टाकून बघाल तर आकाश राखाडी दिसेल आणि त्यात तुमचंच प्रतिबिंब. आवाज नेहमीपेक्षा दोन-चार घरं वर घ्या. मोबाइलवर बघू नका.

आणि मध्येच कुणाचंही नाव इंटरनेटवर शोधू नका. 'अरे, याला कुठे तरी पाहिलंय' म्हणून पात्राचं नाव टाकलंत की निकालाच्या पहिल्याच ओळीत तो कुणाचा कोण आणि कधी मेला हे छापलेलं असतं. यूट्यूबही तसलंच: एक ट्रेलर बघितला की दुसऱ्या दिवसापासून शेवटांची चित्रं दारात येऊन उभी. पहिले तीन चित्रपट होईपर्यंत हे पथ्य पाळा.

पहिली संध्याकाळ: 'अ न्यू होप'

दोन तासांचा चित्रपट आहे. सुरुवातीला निळी अक्षरं येतात: फार फार वर्षांपूर्वी, दूरच्या एका आकाशगंगेत. हे आपलं 'आटपाट नगर होतं' आहे, आणि चित्रपट कसा बघायचा ते इथेच सांगून टाकलंय. मराठी विज्ञानकथा वाचून वाढलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांतच हरकत घेतो की निर्वात पोकळीत आवाज कसा येईल? येणार नाही. पुढे एक पात्र 'पार्सेक' हे अंतराचं माप वेळेसारखं वापरून फुशारकी मारतं, तेही सोडून द्या. यात शास्त्र शोधायचं नसतं. राजकन्या आहे, म्हातारा गुरू आहे, काळा राक्षस आहे आणि गावाबाहेर पडू बघणारा पोरगा आहे.

निळ्या अक्षरांनंतर पिवळा मजकूर वर सरकत जातो. तो वाचा. तीन परिच्छेदांत सगळी पार्श्वभूमी त्यात आहे आणि ती पुन्हा कुणी सांगत नाही. सोबत इंग्रजी सवयीचं नसलेलं कुणी असेल तर थांबवून मोठ्याने अर्थ सांगा. (त्या काळी ही अक्षरं खरोखर जमिनीवर मांडून त्यांच्यावरून कॅमेरा फिरवला होता.)

मग येतो तो शॉट. एक छोटं यान जिवाच्या आकांताने पळतंय, आणि मागून पडद्याच्या वरच्या कडेतून दुसरं यान आत शिरतं. शिरतच राहतं. त्याचं पोट संपतच नाही. हे अवाढव्य दिसणारं यान म्हणजे जेमतेम तीन फुटांचं मॉडेल. पळणाऱ्या 'छोट्या' यानाचं मॉडेल त्याहून मोठं होतं! हे सगळं करायला लुकस यांनी १९७५ मध्ये इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक नावाचा स्वतःचा कारखानाच काढला. तिथे जॉन डायकस्ट्रा यांच्या चमूने एकच हालचाल हुबेहूब पुन्हा पुन्हा करणारा, संगणकाने चालणारा कॅमेरा तयार केला. मॉडेल जागेवर आणि कॅमेरा फिरतोय, त्यामुळे यान उडताना दिसतं. एवढं लक्षात ठेवून तो शॉट पाहा.

त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं पहिल्यांदा बघणाऱ्याची परीक्षा घेतात. नायकाचा पत्ता नाही आणि वाळवंटात दोन यंत्रमानव भांडतायत, त्यातला एक तर नुसत्या शिट्ट्या मारतो. यामागे जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा आहेत. त्यांच्या १९५८ च्या 'हिडन फोर्ट्रेस'मध्ये युद्धाची मोठी गोष्ट दोन भांडकुदळ शेतकऱ्यांच्या नजरेतून उलगडते. लुकस यांनी ती युक्ती तिथून घेतली. एक दृश्य पुसून दुसरं येण्याची पद्धतही तिथलीच. तेव्हा धीर धरा, फोन हातात घेऊ नका.

विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला पोरगा घराबाहेर येतो आणि मावळतीकडे बघत उभा राहतो. ट्युनिशियाचं वाळवंट, आकाशात दोन सूर्य, एक शब्द नाही, आणि जॉन विल्यम्स यांच्या संगीतात लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा हळूहळू वर चढतो. माझ्या मते सगळी मालिका त्या एका मिनिटात आहे. इथे आत काहीच हललं नाही तरी चित्रपट पूर्ण बघा, पण पुढच्यांची घाई करू नका.

एक सूचना: तुम्ही बघताय तो नेमका १९७७ चा चित्रपट नाही. १९९७ मध्ये लुकस यांनी तिन्ही जुन्या चित्रपटांत संगणकावर बनवलेली दृश्यं घुसडली आणि नंतरही डागडुजी चालूच ठेवली. बंदराच्या गावात रस्त्यावरून रबरी दिसणारे प्राणी आडवे गेले की समजायचं, हे नंतरचं आहे. यानाजवळ एक भलामोठा गोगलगाईसारखा गुंड नायकाच्या मित्राशी बोलतो, तेही तसंच. मूळ चित्रीकरणात तिथे एक माणूस उभा होता, ते दृश्य कापलं होतं, वीस वर्षांनी त्याच्यावर संगणकी जनावर चढवून परत आणलं. आहे ते जरा विजोडच आहे. १९७७ च्या मंडळींना त्यासाठी बोल लावू नका.

आवाजांकडे कान ठेवा. बेन बर्ट यांनी लाइटसेबरचा, म्हणजे प्रकाशाच्या तलवारीचा, गुणगुणाट सिनेमाच्या प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची भुणभुण यांतून बनवला. शत्रूच्या लढाऊ विमानांची किंकाळी म्हणजे हत्तीचा चीत्कार आणि ओल्या रस्त्यावरून धावणारी गाडी. एकदा हे कळलं की तो हत्ती ऐकू यायला लागतो.

दुसरी आणि तिसरी संध्याकाळ

'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' त्याच रात्री लावू नका, पण आठवडाभर लांबवूही नका. दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्याने बसा. दिग्दर्शक बदललाय, अर्व्हिन कर्शनर, आणि ते लगेच जाणवतं. माणसं आता एकमेकांशी नीट बोलतात. बर्फातली सुरुवात नॉर्वेतल्या फिन्सेजवळची आहे. मधल्या दलदलीतल्या दृश्यांत एका छोट्या म्हाताऱ्यासमोर हॅमिल आठवडेच्या आठवडे उभे होते. तो म्हातारा म्हणजे फ्रँक ऑझ यांच्या हातातली बाहुली. दहा मिनिटांनी ते तुम्ही विसरता. कान जरासे पडतात आणि तो निराश झालाय हे आपल्याला कळतं. आजच्या संगणकी पात्रांपैकी फार थोड्यांना हे साधलंय. मालिकेतला सर्वोत्तम चित्रपट हाच, याबद्दल चाहत्यांत फारसं दुमत नाही, माझंही नाही.

तो अधांतरी संपतो. म्हणून तिसरा, 'रिटर्न ऑफ द जेडाय', त्याच शनिवार-रविवारात बसवा. शुक्रवारी रात्री पहिला, शनिवारी दुसरा, रविवारी दुपारी जेवून तिसरा हे गणित चांगलं जमतं. तिसऱ्याची सुरुवात लांबलेली आहे. मधे जंगलात केसाळ अस्वलांची एक जमात भेटते, मुलांना ती आवडते, मोठे कपाळावर हात मारतात. शेवटचा भाग मात्र तीन ठिकाणच्या तीन लढाया एकात एक गुंफून नेतो, आणि त्यातली सगळ्यात शांत लढाई एका सिंहासनासमोर चालते. ती सोडू नका.

अगदी शेवटच्या दृश्यात ओळखीच्या मंडळींच्या शेजारी एक अनोळखी तरुण चेहरा दिसेल. तुमचं काही बघायचं राहिलेलं नाही. तो २००४ मध्ये नंतर घातलाय, दोन-तीन चित्रपटांनी ओळख पटेल.

आणि इथे थांबलात तरी चालतं. सव्वासहा तासांत गोष्ट पूर्ण झाली, काही टांगलेलं राहिलं नाही. 'सगळं बघितलंच पाहिजे' असं म्हणणाऱ्या चाहत्याला चहा द्या आणि विषय बदला.

पुढे जायचं असेल तर: १, २, ३

थोडा खंड पडू द्या, मग या. १९७७ नंतर बावीस वर्षं लुकस यांनी एकही चित्रपट दिग्दर्शित केला नव्हता. हे तिन्ही त्यांनी स्वतः केले. कल्पना भव्य आहे: लोकशाही टाळ्यांच्या कडकडाटात कशी मरते, हा विषय लहान मुलांच्या चित्रपटात कोण घेतं? संवाद मात्र लाकडी.

'फँटम मेनेस'मध्ये शर्यत आणि शेवटचं तिघांचं द्वंद्व हे दोन भाग मन लावून बघा. द्वंद्वामागे कोरस गातो ते संस्कृत आहे. एका जुन्या वेल्श कवितेच्या ओळीचं भाषांतर विल्यम्स यांनी तोडून, नादाच्या हिशेबाने पुन्हा मांडलंय. शाळेत शंभर गुणांचं संस्कृत घेतलेल्यांनाही त्यातलं अक्षर कळत नाही, पण ऐकायला जबरदस्त आहे.

'अटॅक ऑफ द क्लोन्स'मधली प्रेमाची दृश्यं आली की हसू दाबू नका; सगळेच हसतात. हा तिघांतला सर्वांत कच्चा, पण गाळू नका, कारण त्याच्याशिवाय 'रिव्हेंज ऑफ द सिथ' लागत नाही. आणि तो चित्रपट चांगला आहे, काही ठिकाणी फारच. तो संपल्यावर १९७७ चा चित्रपट पुन्हा लावून बघा. व्हेडरच्या पहिल्याच प्रवेशाकडे तुम्ही आता वेगळ्या नजरेने बघाल.

७, ८, ९ थोडक्यात

'द फोर्स अवेकन्स' १९७७ च्या चित्रपटाचीच वळणं घेत जातो, पण वेगवान आणि मजेदार आहे. (भारतात तो २०१५ च्या नाताळात, अमेरिकेनंतर आठवड्याने लागला, आदल्या शुक्रवारी आपल्याकडे 'बाजीराव मस्तानी' आणि 'दिलवाले' होते.) 'द लास्ट जेडाय'वरून चाहत्यांत अजून भांडणं चालू आहेत. मला तो तिघांतला एकमेव धाडसी वाटतो. 'द राइज ऑफ स्कायवॉकर'मध्ये सगळ्यांची मनं राखायची धडपड आहे आणि ती दिसते. राजकन्येचं काम करणाऱ्या कॅरी फिशर २०१६ च्या डिसेंबरात गेल्या; नवव्या भागात त्या दिसतात त्या प्रामुख्याने 'द फोर्स अवेकन्स'साठी केलेल्या आणि न वापरलेल्या चित्रीकरणातून. हे माहीत असलं की त्यांच्या दृश्यांतला अवघडलेपणा समजून घेता येतो.

बाजूच्या वाटा

'रोग वन' (२०१६) भाग ४ च्या आधीची गोष्ट सांगतो, पण निदान जुने तीन झाल्यावर बघा. शेवटच्या काही मिनिटांची खरी मजा पुढे काय होणार हे ठाऊक असणाऱ्यालाच येते.

'अँडोर' ही टोनी गिलरॉय यांची मालिका, दोन पर्वांत मिळून २४ भाग, थेट 'रोग वन'च्या तोंडाशी येऊन संपते. जादूच्या तलवारी नाहीत, गोंडस प्राणी नाहीत. कारकून, तुरुंग, खबरे, बैठका, आणि हुकूमशाही रोजच्या कामकाजातून कशी चालते त्याचं बारीक चित्रण. पहिले दोन भाग संथ आहेत, तिसऱ्याला पकड येते. दुसरं पर्व तीन-तीन भागांच्या चार तुकड्यांत आहे, दर तुकड्यागणिक वर्ष पुढे सरकतं. एका बैठकीत तीन बघितले तर नीट लागतं. तुमच्या घरात 'मला असले अंतराळातले पिक्चर नाही आवडत' म्हणणारं कुणी असेल, तर त्यांना भाग ४ दाखवून थेट इथे आणा.

'द मँडलोरियन' हलकीफुलकी आहे, काळ भाग ६ नंतर पाचेक वर्षांचा. दोन पर्वं झाल्यावर लगेच तिसरं लावू नका, कारण मधला मोठा तुकडा 'द बुक ऑफ बोबा फेट'च्या शेवटच्या तीन भागांत, ५ ते ७ मध्ये आहे. तो चुकला की तिसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला वाटतं, आपण झोपलो होतो की काय.

'द क्लोन वॉर्स' कार्टून मालिकेचे १३३ भाग आहेत. मुलं चिकाटीने बघतात. मोठ्यांनी भाग ३ झाल्यावर हात घालावा आणि कंटाळा येईल ते भाग बिनदिक्कत पुढे ढकलावेत.

मुलांसोबत बघणाऱ्यांसाठी: जुन्या तिन्हींत हात तुटतात, पण रक्ताचं फारसं दर्शन नाही; पहिल्यात जळालेली प्रेतं क्षणभर दिसतात, तेवढं लक्षात ठेवा. भाग ३ मात्र आधी स्वतः बघा. अमेरिकेत मालिकेतला तो पहिला चित्रपट ज्याला लहानग्यांसाठी पालकांना जास्त कडक इशारा देणारं प्रमाणपत्र मिळालं, आणि का ते शेवटच्या अर्ध्या तासात कळतं.

'सोलो' हा बाजूचा चित्रपट राहिला. पावसात लाइट टिकली असेल, भजी झाली असतील आणि दुसरं काहीच बघायला नसेल, तर लावा.